वुलेचे समोरचे चार दात

सोमवारी दुपारी वुकाशिनने, म्हणजे सगळ्यांच्या वुलेने, उकडलेल्या कणसाला तोंड लावलं आणि कट्‌ असा आवाज झाला. आधी त्याला वाटलं, एखादा दाणा जून निघाला. मग त्याने जीभ फिरवून पाहिली तर समोर नुसतं मोकळं मैदान. वरचे चार दात, एकमेकांना जोडलेले, तसेच्या तसे कणसात रुतून बसले होते.

बायको अंगणात चुलीवर लाल मिरच्या भाजत होती. हिवाळ्याच्या बरण्या भरायचे दिवस होते.

"फ्मिल्या," तो म्हणाला.

"काय?" स्मिल्याने मान वर केली नाही.

"फ्मिल्या, फगळं फंपलं!"

आता तिने पाहिलं. स्मिल्याने उभा जन्म बालवाडीत शिकवण्यात घालवला होता. दात पडलेली शेकडो तोंडं तिने पाहिली होती आणि त्यांतल्या एकालाही ती कधी हसली नव्हती. पण ती पोरं पाच-सहा वर्षांची असायची. हा सत्तरीला टेकलेला, पांढरी वेणी पाठीवर सोडलेला, कानात बाळी घातलेला गडी हातात कणीस धरून रडवेला उभा होता. तिने हाताला लागेल ते, म्हणजे मिरच्या पुसायचं फडकं, तोंडावर दाबलं आणि तशीच खाली बसली.

"हफ, हफ," वुले म्हणाला. "फनिवारी गाणं आहे माझं."

तेव्हा मात्र तिचं हसू थांबलं.

शनिवार म्हणजे गावातल्या बिअरच्या जत्रेचा शेवटचा दिवस. झ्रेन्यानिन गावच्या मोठ्या चौकात 'चौथा फलाट' वाजणार होता. गावच्या स्टेशनात चौथा फलाट नव्हताच, म्हणून वुले आणि त्याच्या दोस्तांनी तेव्हा आपल्या बँडला हे नाव दिलं होतं. एके काळी अख्ख्या युगोस्लावियात, इकडच्या टोकापासून तिकडच्या समुद्रापर्यंत, लोक रेडिओचा कान पिळून त्यांची गाणी शोधायचे. तो देश राहिला नाही, बँडमधले दोघे राहिले नाहीत, पण वुले राहिला होता आणि त्याचा आवाज राहिला होता. जरा खरबरीत झाला होता एवढंच. गावात तो कित्येक वर्षांनी गाणार होता.

खरे दात त्याने ऐन जवानीत नोवी साद शहरात घालवले होते. गाणं रंगात आलेलं असताना त्याने स्टेजवरून गर्दीत उडी घेतली. लोक झेलतील असं त्याला वाटलं होतं. लोक सभ्य निघाले, त्यांनी बाजूला होऊन वाट करून दिली.

मंगळवारी कळलं की त्याची नेहमीची दाताची डॉक्टरीण ग्रीसला समुद्रावर गेली आहे आणि पंधरा दिवस येत नाही. दुसऱ्या एका दवाखान्याने पुढच्या महिन्यातली तारीख दिली. संध्याकाळी तो सायकलवर टांग मारून तालमीला गेला. बँडचा आताचा ड्रमर स्ट्राहिन्या, पस्तिशीचा, कामात चोख आणि स्वभावाने गरीब. त्याच्या गॅरेजमध्ये तालीम असायची. वुलेने पहिलंच गाणं लावलं आणि दुसऱ्या ओळीला माइकवर थुंकीचा फवारा उडाला.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं नेमकं स वर उभं होतं. 'सांज झाली, सोड साखळी, सुटू दे नाव संथ पाण्यात.' बेगेय नदीच्या काठी बसून, चोविसाव्या वर्षी, स्मिल्याच्या प्रेमात पडून त्याने ते लिहिलं होतं आणि तिच्या नावातल्या पहिल्या अक्षराची नुसती खैरात केली होती. आता ते 'फांज झाली, फोड फाखळी' असं ऐकू येत होतं.

स्ट्राहिन्याने काठ्या खाली ठेवल्या. "वुले काका, राग मानू नका. आपण जुनं रेकॉर्डिंग मागून लावू. तुम्ही नुसते ओठ हलवा. हल्ली सगळेच करतात."

वुले त्यावर बराच वेळ बोलला. हात उडवून, पाय आपटून बोलला.

"मला अर्धंच कळलं," स्ट्राहिन्या म्हणाला. "पण शिव्या होत्या ना?"

"होत्या," वुले म्हणाला. तेवढं त्याला नीट म्हणता आलं.

बुधवारी सकाळी कॉफी ओतता ओतता स्मिल्या सहज म्हणाली, "आर्पीकडे जा."

वुलेने कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

आर्पाद म्हणजे आर्पी, 'चौथा फलाट'चा पहिला ड्रमर. एका बाकावर बसून शाळेत शिकलेले हे दोघे. एक सर्बी घरातला, एक हंगेरियन घरातला, पण वाढले एकाच गल्लीत आणि एकमेकांच्या स्वयंपाकघरात. बँड ऐन भरात असताना, चाळीस गावांचा दौरा ठरलेला असताना, आर्पी एके दिवशी म्हणाला की मला दातांच्या डॉक्टरकीची परीक्षा द्यायची आहे, आणि गेला. वुलेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढे एका वर्तमानपत्राने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमचा ड्रमर गेला आणि गावाला एक दातउपट्या मिळाला." सगळा देश हसला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बाजारात गाठ पडली की मान हलवायची आणि टोमॅटो निवडत राहायचे, असं चाळीसेक वर्षं चाललं होतं.

"नाही जाणार मी," वुले म्हणाला.

"मग ओठ हलव."

"फ्मिल्या!"

"मी त्याच्या दवाखान्यात एतेल्काला फोन केलाय," ती म्हणाली. "दहाला बोलावलंय. दाढी करून जा."

आर्पीचा दवाखाना स्टेशनच्या रस्त्यावर होता आणि वरच्या मजल्यावर घर. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. आता तो आठवड्यातून तीनच दिवस दवाखाना उघडायचा. दारात एतेल्का बसायची. ती नर्सही होती, हिशेबनीसही आणि डॉक्टरांवरची हवालदारही.

"आलात?" ती चष्म्यावरून बघत म्हणाली. "बसा. आमच्या डॉक्टरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा हात धुतलेत. तुम्ही काही लागट बोलायचं नाही, सांगून ठेवते."

आत आर्पी पाठमोरा उभा होता. डोक्यावर एक केस नाही, खांदे जरा वाकलेले. वळला आणि त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. वुले बसला. दिवा चेहऱ्यावर आला.

"आ कर," आर्पी म्हणाला. इतक्या वर्षांतला हा पहिला शब्द. "आणखी. एवढं उघडायला काय होतंय? एरवी अख्ख्या देशाला पडजीभ दाखवत हिंडायचास."

वुलेने आ केला. आर्पीने दोन्ही बाजूंना कापूस कोंबला, लाळ ओढायची नळी लावली, आरसा घातला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता तुला बोलता येणार नाही. मी या दिवसाची वाट बघतोय."

वुलेच्या घशातून काहीतरी निघालं.

"हलू नकोस, टोचेल. तर मी काय सांगत होतो... तुला वाटतं मी परीक्षेसाठी गेलो. सगळ्यांना मीच तसं सांगितलं. खरं म्हणजे मला ओकाऱ्या व्हायच्या. प्रत्येक कार्यक्रमाआधी. पोटात काही नसलं तरी. ल्युब्लियानाला मी ड्रमच्या मागे बादली ठेवून वाजवलंय, दोन गाण्यांच्या मध्ये वाकायचो. लोकांना वाटायचं ड्रम नीट करतोय." त्याने एक दाढ ठोकून पाहिली. "ही चांगली आहे. तुला हे कधी दिसलं नाही. तू तेव्हा आरशासमोर केस विंचरत असायचास."

छतावरचा पंखा फिरत होता. बाहेर एतेल्का कुणाला तरी फोनवर झापत होती.

"आणि तू चाळीस गावं ठरवून आलास. नाचत आलास. मी म्हटलं, चाळीस बादल्या. माझ्याच्याने नव्हतं होणार, वुले. तुला सांगायचं तर लाज वाटली. रॉकवाला आणि स्टेजला घाबरतो! परीक्षेचं कारण त्यापेक्षा बरं दिसत होतं." त्याने मापाचं ओलं गुलाबी मिश्रण भांड्यात घोटायला घेतलं. "मला पुढे हे काम आवडलं, ती गोष्ट वेगळी. पण ते दातउपट्या... माझी आई कितीतरी दिवस बेकरीत गेली नाही. लोक तिला विचारायचे, काय उपटतो तुमचा मुलगा. चल, चाव आता. घट्ट. सोडू नकोस."

वुलेने चावलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत गेलं.

"दुखतंय?"

वुलेने मान हलवली. नाही.

"मग हलू नकोस ना, गाढवा," आर्पी म्हणाला, आणि हातातल्या कापसाने त्याने त्याचे दोन्ही कान टिपून दिले.

माप निघालं. तोंड मोकळं झालं. पण वुलेला जे बोलायचं होतं त्यात सगळीकडे स होता. "आर्पी," तो एवढंच म्हणाला.

"शुक्रवारी ये. तात्पुरते बसवतो. शनिवार निभेल."

गुरुवारी तो घराबाहेर पडलाच नाही. स्मिल्या भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती. तो समोर बसून तिला मदत केल्यासारखं करत होता.

"तुला माहीत होतं?" त्याने शेवटी विचारलं. "आर्पीच्या ओकाऱ्यांचं?"

"हो. मीच त्याला लिंबू कापून द्यायचे."

"मला का नाही फांगितलंफ?"

"तू विचारलं होतंस?"

वुलेने एक मिरची सोलायला घेतली. आर्पी तेव्हा पांढराफटक होऊन सगळ्यांत शेवटी स्टेजवर यायचा, हे त्याला आता आठवलं. आणि आपण दर वेळी माइकवरून त्याची थट्टा करायचो की आमचा ड्रमर बिअर संपवून आला, तेही आठवलं. लोक हसायचे. आर्पीही हसायचा. वुलेने संध्याकाळपर्यंत मिरच्या सोलल्या. बोटं पेटली होती, पण उठला नाही.

शुक्रवारी दात बसले. पांढरेशुभ्र, सरळ, आणि आरशात पाहिलं तर दुसऱ्याच कुणाचे.

"बोल काहीतरी," आर्पी म्हणाला.

"स्मिल्या," वुले म्हणाला, आणि चहाच्या किटलीसारखी शिट्टी वाजली.

बाहेर बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "आत पक्षी शिरलाय का?"

"केसभर लांब आहेत," आर्पी म्हणाला. "थोडे घासू. पण नुसत्या बोलण्याने कळायचं नाही मला. गा."

"इथे?"

"मग काय चौकात घासू?"

वुलेने हळूच सुरुवात केली. सांज झाली, सोड साखळी. शिट्टी, शिट्टी. आर्पीने यंत्र चालवलं, घासलं, फुंकर मारली. पुन्हा. सांज झाली. या वेळी शिट्टी बारीक झाली, पण 'साखळी'ला अडली. पुन्हा घासलं. खुर्चीत आडवा पडून, गळ्याभोवती कागदी रुमाल, वुले तीच ओळ गात होता आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा थोडा मोकळा होत होता. बाहेरचे लोक बोलायचे थांबले. एतेल्काने दार उघडंच ठेवलं.

कितव्यांदा तरी त्याने ओळ लावली आणि त्याच्या कानावर टकटक आली. आर्पी एका हाताने आरसा धरून दुसऱ्या हातातल्या चिमट्याने स्टीलच्या ताटलीवर ताल धरत होता. त्याचं त्याला भान नव्हतं. धृपदाच्या तोंडाशी तो अगदी किंचित रेंगाळला, दार उघडून आधी दुसऱ्याला आत जाऊ देतो तसा, आणि मग समेवर आला. इतक्या वर्षांत किती ड्रमर आले आणि गेले. सगळे बरोबर वाजवायचे. असं कुणी थांबत नव्हतं.

'सुटू दे नाव संथ पाण्यात' हे शिट्टीविना, स्वच्छ, दवाखान्यातून बाहेर गेलं आणि बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या. गाल सुजलेल्या एका माणसानेही वाजवल्या.

वुले उठून बसला. "उद्या ये."

"येणार आहेच. तिकीट काढलंय एतेल्काने."

"बघायला नाही. हे एक गाणं वाजवायला."

आर्पी हातमोजे काढू लागला. एक निघाला, दुसरा निघेना. "वेडा आहेस का? मला ओकारी होईल."

"होऊ दे. मी बादली धरतो."

आर्पीने त्याच्याकडे पाहिलं.

"मी तेव्हा पेपरात जे बोललो," वुले म्हणाला, "ते तुझ्या आईला जाऊन सांगायला हवं होतं की हलकटपणा केला. आता ती नाही. तुला सांगतो."

"दात घट्ट बसलेत का बघ," आर्पी भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "बडबड नको."

शनिवारी चौकात मुंगीला वाट नव्हती. भाजलेल्या मांसाचा धूर, बिअरचे ग्लास, बापांच्या खांद्यांवर बसलेली पोरं. बँड स्टेजवर चढला तेव्हा ऊन कलत होतं. वुलेने पहिली सहा-सात गाणी अशी म्हटली की स्ट्राहिन्या मागून ओरडला, "काका, हळू! मी दमलो!" दात जागचे हलले नाहीत.

मग त्याने गिटारवाल्याला सांगितलं की थोडा वेळ तूच काहीतरी वाजव, आणि तो मागच्या जिन्याने खाली उतरला. सामानाच्या ट्रकमागे आर्पी एका खोक्यावर बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. शेजारी स्मिल्या लिंबाची फोड घेऊन उभी होती.

"मी घरी जातो," आर्पी म्हणाला. "माझे हात बघ. या हातांनी मी सोमवारी कुणाच्या तोंडात..." आणि तो वाकला.

वुलेने खरंच बादली आणली होती, अंगणातली, मिरच्या धुवायची. एका हाताने त्याने ती धरली आणि दुसऱ्या हाताने आर्पीचं कपाळ. ते गार आणि ओलं होतं. स्टेजवर गिटारवाला जमेल तेवढं लांबवत होता. लोक शिट्ट्या मारायला लागले. जत्रेच्या कुणीतरी कार्यकर्त्याने येऊन घड्याळ दाखवलं, स्मिल्याने त्याला बालवाडीतलं बोट दाखवलं, आणि तो गेला. बहुतेक तिच्याच हाताखालचा असावा.

"झालं?" वुलेने विचारलं.

"थांब." पुन्हा. "झालं."

"नाही यायचं तर नको येऊस. मी इथेच बसतो तुझ्याबरोबर. पोरं वाजवतील."

"तू? लोक बाहेर ओरडत असताना बसशील?"

"बसतो म्हटलं ना."

आर्पीने लिंबू चोखलं, तोंड वाकडं केलं, शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला आणि उठला. "चल. पुन्हा पोटात ढवळायच्या आत."

वुलेने माइकवर कसलीही थट्टा केली नाही. "हा आर्पी," तो म्हणाला. "हे गाणं पहिल्यांदा वाजलं तेव्हा यानेच वाजवलं होतं." स्ट्राहिन्याने उठून आपली जागा दिली आणि काठ्या दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरल्या.

आर्पीने चार ठोके मोजले. ते ठोके ऐकूनच वुलेला कळलं की काहीतरी गडबड आहे. भीतीने आर्पीचे हात सुटले होते. संथ पाण्यातली ती नाव मोटारबोटीसारखी निघाली. गिटारवाल्याने घाबरून वुलेकडे पाहिलं. एरवी वुलेने पाय आपटून ड्रमरला मागे ओढलं असतं. जन्मभर त्याने तेच केलं होतं, बँड त्याच्या मागून चालायचा. आज त्याने माइक घट्ट धरला आणि तो आर्पीच्या मागे धावला. शब्द दातांवरून उड्या मारत निघाले. दुसऱ्या कडव्यापर्यंत अख्खा चौक उड्या मारत होता. ज्या गाण्यावर लोक गळ्यात गळे घालून डोलायचे, त्यावर आज म्हाताऱ्या नाचत होत्या. आणि धृपदाच्या तोंडाशी, एवढ्या धावपळीत, आर्पी किंचित थांबला. वुले तिथेच उभा होता. दोघे एकदम समेवर आले.

गाणं नेहमीच्या निम्म्या वेळात आटोपलं. आर्पीने काठ्या ठेवल्या, लाल झालेल्या चेहऱ्याने लोकांकडे पाहिलं, आणि वुलेच्या कानात ओरडला, "पुन्हा जन्मात नाही!" पण त्याचं हसू कानापर्यंत गेलं होतं आणि तो उठायचं नाव घेत नव्हता. स्ट्राहिन्याला त्याला हाताला धरून उठवावं लागलं.

रविवारी आर्पी जेवायला आला. स्मिल्यासाठी झेंडूसारखी कसलीतरी पिवळी फुलं आणली होती, बाजारात काय घ्यावं ते न कळल्यामुळे सगळ्यांत मोठा जुडगा उचलून. त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. स्मिल्याने मलम लावून पट्ट्या बांधल्या, त्यामुळे त्याला चमचा बोटांत धरता येईना, आणि शेवयांचं गरम सूप तो मुठीत चमचा धरून प्यायला. वुलेने दोनदा हसू दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं नाही.

"दात काढू नकोस," आर्पी म्हणाला. "तात्पुरते आहेत."

जेवण झालं. वुलेने मनाशी किती गोष्टी ठरवून ठेवल्या होत्या. वारलेल्या दोघांबद्दल बोलायचं होतं, आर्पीची बायको गेली तेव्हा आपण स्मशानाच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो ते सांगायचं होतं. त्याने दोन छोटे ग्लास आणि आलुबुखाराची दारू आणली आणि व्हरांड्यात आला, तर आर्पी वेताच्या खुर्चीत गाढ झोपला होता. पट्ट्या बांधलेले हात पोटावर.

"उठवू का?" त्याने दारातून हळूच विचारलं.

"झोपू दे," स्मिल्या आतून म्हणाली. "रात्रीचंही जेवूनच जाईल तो. घाई कसली आहे?"

वुलेने उन्हाचा पडदा खाली ओढला, ग्लास कठड्यावर ठेवले आणि ताटं पुसायला आत गेला.